मास्तरांची जाडी पोरगी

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पोटावर अजून तुमचाच हक्क असल्यासारखे सगळे बोलतात. नगरच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलंय. गुडघे गेलेत, साखर आवरत नाही. धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आज तात्या असते तर खूश झाले असते." तिथंच ठरवलं, करायचं नाही. तुम्ही खूश व्हाल असं काही या वयात माझ्या हातून व्हायला नको होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी सातवीत होते. जामखेडकडच्या त्या गावात विहिरींचे तळ दिसत होते, बाया-पुरुष सडकेच्या कामावर खडी फोडत होते, आणि शाळामास्तरांची पोरगी तेवढी गुबगुबीत. आमच्याकडेही सगळ्यांसारखी रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. त्यातली अर्धी तुम्ही माझ्या ताटातून उचलायचात आणि धाकट्याला वाढायचात. आई चुलीकडे तोंड करून बसायची. तुमचं स्वतःचं पोट धोतराच्या निऱ्यांवरून चांगलं पुढे आलेलं होतं, पण पुरुषाचं पोट म्हणजे गावात वजन. "मास्तरांनी धान्य दडवलंय म्हणतात लोक," असं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला खडी फोडायला पाठवलंत. घरात पगार येत असताना. मी तिथे उन्हात बसलेली दिसले की तुमची अब्रू वाचणार होती.

तिथे माझ्या शेजारी एक बाई बसते. बोटांना चिंध्या कशा गुंडाळायच्या ते दाखवते. दुपारी सुकडी वाटतात, गोड, पिठाळ. ती आपल्यातली मूठभर माझ्या ओंजळीत टाकते. मी खातेय आणि तुम्ही सायकलवरून उतरता, सगळ्यांदेखत माझा हात झटकता. सुकडी मातीत. "उपाशी माणसांच्या तोंडचा घास आहे तो. तुला कशाला हवाय?" ती बाई हातोडी खाली न ठेवता म्हणते, "मास्तर, तिनं बी सकाळधरनं खडी फोडलीय. भूक लागनार न्हाई व्हय?" फळ्यावर रोज नवा सुविचार लिहिणारे तुम्ही, चष्मा पुसत राहता.

त्या दिवसापासून तुमची भीती गेली. अशा वेळी कीव येते म्हणतात. मला कीव आली नाही, शिसारी आली. पुढे लग्न झाल्यावर माहेरी यायचे तेव्हा तुमच्या पंगतीला मी मुद्दाम बसायचे आणि भूक नसली तरी आणखी एक पोळी मागून घ्यायचे, वर तूप. तुम्ही मान फिरवायचात. मला बरं वाटायचं.

परवा मला न्हाणीघरातल्या पाटावरून उठता येईना. सुनेला हाक मारावी लागली. तिनं काखेत हात घालून उठवलं, अंगावर लुगडं टाकलं. तुमच्यावर सूड म्हणून मी हे शरीर वाहत आलेय, आणि तुम्ही तर कधीच राख होऊन मोकळे झालात. ऑपरेशनला हो म्हटलंय. खूश झाला असतात तर झाला असतात. तुमच्या खुशीला आता कवडीची किंमत नाही. माझं मला उठायचंय.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुमच्यासाठी तिकीट लावलं नसतं. फक्त एक सांगते. भूल देतील त्याची मला भीती वाटतेय. घरात कुणाला बोलले नाही.