नटाच्या छापाची नानकटाई

तात्या,

आज दुपारी मी घरात नानकटाई भाजली. मी. तुम्ही असतात तर आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं असतंत, मग हिच्याकडं, आणि दोघं मिळून हसला असतात. तसं हसणं या घरात बरेच दिवस झालेलं नाही. शटर अर्धं ओढून मी दुकानात बसलोय आणि मागच्या खोलीत, तुमच्याच खाटेवर, ही झोपलीय. गेल्या आठवड्यात तिला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. वाक्य किती साधं आहे बघा. मी मान हलवली, औषधाची पिशवी घेतली, आणि जिना अर्धा उतरल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

आणि तिला तर काहीच खावंसं वाटत नव्हतं. केमोनं तोंडाची चव पार गेली. वरणभात दिला तर माती चावल्यासारखं लागतं म्हणते, पेज दिली तर वास येतो. मी पेज गाळून पाहिली, गार करून पाहिली, भांडं बदलून पाहिलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एखादी गोष्ट बिघडली की कुठं बिघडली ते सापडेपर्यंत मी हात काढत नाही. परवा सकाळी तीच आपणहून म्हणाली, "मामांची नानकटाई खावीशी वाटतीय." तुम्हाला ती मामा म्हणायची. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली, पण तिच्या तोंडून ते असं आलं की जणू तुम्ही आत्ताच पिशवी घेऊन बाहेर पडलाय.

आई गेल्यावर तुम्ही विंचूरच्या बाजारातलं मापाड्याचं काम सोडून इथं शहरात, द्वारकेला आमच्याकडं राहायला आलात. उभा जन्म दुसऱ्यांचा कांदा तोलण्यात गेला होता. हात रिकामे राहिले की तुम्हाला करमायचं नाही. पहिल्याच दिवाळीला तुम्ही सुनेला म्हणालात, चल, बेकरीत जाऊ. त्या वर्षांत दिवाळीच्या आधी निम्मी वस्ती बेकरीतच असायची. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप न्यायचं, भट्टीवाल्या चाचांनी मळून भाजून द्यायचं, मजुरी द्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. आपला माल निघेपर्यंत बाकावरून उठायचं नाही, कारण पत्र्यांची अदलाबदल झाली तर आपलं साजूक तूप शेजारणीच्या घरी आणि तिचं वनस्पती आपल्या घरी. म्हणून जो तो आपल्या मालावर खूण करायचा. कुणी चारोळी टोचायचं, कुणी काट्यानं रेघा ओढायचं. तुम्ही माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातल्या डब्यातून चार सुताचा, अर्धा इंची नट उचललात, उकळत्या पाण्यात टाकून धुतलात, आणि एकेका गोळ्यावर दाबलात. भाजून आल्यावर प्रत्येक नानकटाईवर सहा कोनांचा ठसा आणि मधे गोल उंचवटा. फुगताना कोन जरा बोथट व्हायचे, पण मोजले तर सहाच. मी म्हटलं, हा काय पोरखेळ, नटबोल्ट काय खायच्या वस्तूला लावतात का? तुम्ही नुसते हसलात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच नट.

त्याच वर्षी, म्हणजे दुसऱ्या दिवाळीला, मी तो डबा दुकानातल्या काट्यावर ठेवला होता. तांब्याची तार तोलायला काटा होताच. नेलेलं सामान किती आणि आलेला माल किती, मी हिशेब केला आणि वजन कमी भरलं. मी चप्पल घालून निघालो, चाचांना जाब विचारायला. भट्टीत पाणी उडतं एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, आणि तुम्ही ती समजावलीही नाहीत. तुम्ही काट्यावरचा डबा उचलून मांडीवर घेतलात. म्हणालात, "मी जन्मभर काटा धरला रे. काट्यावर घालायचं ते इकायचं असतं. हे खायचं हाय." आवाज चढवला नाहीत. मी चप्पल काढली. पण राग गेला नाही. मापाड्यानं मला वजन करू नको म्हणावं, हे मला लय लागलं होतं.

मग दुपारचा चहा. तीन वाजून गेले की मागच्या खोलीत कपबश्या वाजायच्या. तुम्ही डब्यातून एकच नानकटाई काढायचात. दोन नाही, कधीच नाही. ती आधी कपाळाला लावायचात, जशी बाजारात भवानीची नोट लावतात तशी. मग मोडायचात, अर्धी सुनेला, अर्धी तुम्हाला. ती चहात बुडवून, डोळे मिटून खायचात. तळहातावरचा चुरा सुद्धा टिपायचात आणि म्हणायचात, "झाली बाबा दिवाळी." दिवाळी उलटून महिना झालेला असायचा. ही रोज त्याच वाक्याला हसायची. रोज. आणि खोली नि दुकानामधल्या जाळीच्या अलीकडं मी मोटारीच्या कॉइलला वेढे घालत बसलेला. वेढे मनात मोजावे लागतात, एक चुकला तर मोटार तापते. तुमच्या हसण्यानं माझी मोजणी तुटायची आणि मी आतून ओरडायचो, जरा हळू. मग तुम्ही दोघं चोरासारखे हळू हसायचात. मला तेही ऐकू यायचं.

खरं सांगू का, तुमचं ते एवढ्याशानं खूश होणं मला आवडायचं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, कुणी उस्ताद मिळाला नाही. सायखेड्याला एका विहिरीवरची जळकी मोटार उघडून, तिची तार उलगडत उलगडत मी हे काम शिकलो. कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. मला वाटायचं, अर्ध्या नानकटाईत ज्याचं पोट भरतं तो माणूस आहे तिथंच राहतो. मी तिथं राहणार नव्हतो. नाही राहिलो. दुकान स्वतःचं आहे, अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतून मोटारी इथं येतात. आणि या सगळ्यात मी कशानं खूश झालो ते मला आठवत नाही, तात्या. परवापासून आठवून पाहतोय. मोटार चालू झाली की बरं वाटायचं, पण ते काम बरोबर निघाल्याचं. ते वेगळं.

परवा त्याच बेकरीत गेलो. चाचा राहिले नाहीत. त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसतो, मागं विजेची भट्टी आहे, समोर काचेत केक. मी घरचं सामान घेऊन गेलो होतो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाला, "काका, आता घरचा माल कोणी आणतच नाही. हे घेऊन जा, मस्त आहे." प्लॅस्टिकच्या डब्यातली नानकटाई हिनं दातानं तोडली आणि वाटीत ठेवून दिली. तोंड वाकडं नाही केलं. ठेवून दिली फक्त. मग मी भट्टीच करायला घेतली. जाड पत्र्याची पेटी, दोन बाजूंना हीटरची कॉइल, जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट. काल पहिला घाणा पसरून एकाला एक चिकटला. दुसरा असा निघाला की टेबलावर टाकला तर टक्क आवाज आला. खाटेवरून ही म्हणाली, "पाना लावून उघडाव्या लागतील." इतक्या दिवसांत तिनं केलेली ही पहिली थट्टा. आज तिसरा घाणा. आच धरून ठेवली, वेलदोडा, जायफळ, तूप फेसून फेसून पांढरं केलं. आणि गोळ्यांवर चार सुताचा नट दाबला. दुसरा कुठला छाप मला येत नव्हता.

तिला उशीला टेकवून बसवलं, हातात एक दिली. तिनं बोट ठशावरून फिरवलं, कोपऱ्याकोपऱ्यावरून. म्हणाली, "बाकावर बसून मामा सगळ्यांना दाखवायचे, माहितेय? कोण कुठली बाई शेजारी बसलेली असायची, तिला सुद्धा. म्हणायचे, हा आमच्या पोराचा शिक्का हाय. कुणी शिकवलं नाय त्याला, आपल्या आपण शिकला."

मी विचारलं, मला कधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊकच आहे. नाहीतर नट कशाला घेतील?"

मग तिनं ती नानकटाई कपाळाला लावली. बोटांत जोर नव्हता, म्हणून मोडायला मी मदत केली. अर्धी माझ्याकडं सरकवली. उरलेली चहात बुडवून, डोळे मिटून, सावकाश खाल्ली. ओठाला लागलेला चुराही जिभेनं टिपला. मी विचारलं कशी झालीय. "चव नाही कळत हो," ती म्हणाली. "पण झाली दिवाळी." तिचा चेहरा मी नीट पाहिला. माझ्यासाठी म्हणत नव्हती. चव नसलेल्या तोंडानं तिनं ते खूश होणं मिळवलं होतं, आणि मला ते कसं मिळवतात हे आता कुणाला विचारायचं? जळलेली तार मी काढून नवी भरू शकतो, तात्या. हिच्या बाबतीत सगळीकडं हात लावून झाला. दिवाळीपर्यंत ही असेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. आम्हाला मूल नाही. ही गेली की मागच्या खोलीत कपबशी वाजणार नाही, माझी मोजणी कुणी तोडणार नाही, एकेक वेढा बरोबर पडेल.

माझ्या हातात ती अर्धी तशीच होती. ती म्हणाली, खा की. मी खाल्ली. ती माझ्याकडं बघत होती, कशी आहे विचारत होती, कारण तिला कळणार नव्हतं, माझ्याच तोंडून कळणार होतं. मी म्हटलं, जायफळ जास्त पडलंय.

ती हसली. "काट्यावर घालून बघा," म्हणाली, आणि थोड्या वेळानं तिला झोप लागली.

हा कागद मी कुठं टाकणार? तुमचा पत्ता नाही. घडी करून डब्यात, नानकटाईखाली ठेवीन, तूप लागून अक्षर विरेल. ती अजून उठलेली नाही. उठली की तिला सांगायचं म्हणून मघापासून शब्द जुळवतोय आणि एकही धड जमत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगतो. जायफळ जास्त नव्हतं, तात्या. इतकी चांगली लागली की मला दुसरी खावीशी वाटली.