लोकरीचं मलम आणि तुमचे बंधुराज

मोसबर्न, मार्चअखेर

प्रिय रॅनल्ड भावोजी,

आयल्साचा सप्रेम नमस्कार. तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. (डनीडनच्या समुद्रवाऱ्यानं तो बरा होतो की वाढतो, यावर आमच्या घरात एकमत नाही.) इकडे मेंढ्या ठीक आहेत, कुत्रा उत्तम आहे आणि राहता राहिले तुमचे बंधुराज, त्यांच्यासाठीच हा पत्रप्रपंच.

डूगल्डच्या घोट्यावरची जखम तुम्ही नाताळात पाहिली होती. (पाहिली कसली, तुम्ही खोलीत आलात तसा ह्यांनी मोजा वर ओढला.) ती काही केल्या भरेना. पायातलं रक्त नीट वर चढत नाही म्हणे. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की असंच चिघळत राहिलं तर पायाची हमी नाही. बाहेर आल्यावर ह्यांनी गाडीची किल्ली आपणहून माझ्या हातात दिली. आमच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे माणूस घाबरलाय हे मी ओळखलं.

मग आमच्या नर्सनं, हुहानानं, एक नवं मलम आणलं. आपल्या नखांत आणि केसांत जे केराटिन असतं तेच लोकरीतही असतं, ते वेगळं काढून हे मलम करतात, आणि ते लावलं की अडून बसलेली कातडी जखमेच्या कडेनं पुन्हा वाढू लागते, असं तिनं छान समजावलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढी कुठली? रॉम्नी की मेरिनो?"

(आम्ही रॉम्नीवाले. मेरिनो शेजारच्या यूअनच्या, आणि यूअनचं नाव काढलं की ह्यांचा चहा कडू होतो.)

"लोकर विरघळवली की तिला जात उरत नाही, डूगल्ड," हुहाना म्हणाली. "पाय पुढे करा."

पाय पुढे झाला, पण पुढची मलमपट्टी माझी मी करीन म्हणाले. न्हाणीघराचं दार लावून करायचे. ट्यूब संपत आली, जखम जिथल्या तिथे. हुहाना चक्रावली. मग एकदा ती घरी आली असताना आमचा कुत्रा टॅम तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. त्याचा कान कुंपणाच्या तारेत फाटला होता, तो चांगला भरून आलेला! तिनं कान पाहिला, ट्यूब पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"मलम कुत्र्याला लावलंत?"

"जंताचं नवं औषध आलं, तरी मी सगळ्या कळपाला पाजत नाही. आधी एकावर बघतो."

"आणि पाय कापावा लागला असता, तर हा कुत्रा तुम्हाला पाठीवर घेऊन हिंडणार होता का?"

मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले. तिथे गेल्यावर मात्र रडूच आलं, आणि तेवढ्यात चीज रोल करपले. दुसऱ्या दिवसापासून पट्टी मी बांधू लागले. ह्यांचा पाय मांडीवर घेऊन बसायचं, हे पत्नीला एरवी कुठे मिळतं? हळूहळू कडेनं कोकराच्या नाकासारखी गुलाबी कातडी आली आणि गेल्या महिन्यात जखम मिटली. आता हे दिसेल त्याला घोटा दाखवतात. चर्चबाहेर यूअनलाही दाखवला. तो वाकून, नीट न्याहाळून म्हणाला, "पोत मेरिनोचा दिसतो." तेव्हापासून हे मोजा घालूनच चर्चला जातात.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
आयल्सा

ता. क. : मेंढ्या डोंगरावरून उतरवायला ह्यांनी स्वतः जायचं ठरवलंय. डॉक्टरांनी चढ चढायला मनाई केली आहे, पण ते कोण ऐकतं? तुम्ही या. "भावोजींचे गुडघे गेलेत, खाली गाडीपाशी त्यांच्या सोबतीला कुणीतरी हवं," असं मी ह्यांना सांगीन. थोरल्या भावाला एकटं टाकून ते जाणार नाहीत.

ता. क. २ : गुडघे ठणठणीत असतील, तर यायच्या आधी थोडं लंगडायला शिकून घ्या.