निकिताच्या गाडीवरचं टपाल

निरवांगी, ता. इंदापूर
६ जानेवारी २०२५

चि. निकितास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, लिहिणार नाही असं नव्हतं. जनावरांची डॉक्टरकी शिकायला कॅनडात गेलीस आणि आता बर्फात कुत्री जुंपून टपाल वाटतेस, हे मी बाजारात कुणाला सांगू? तेही धड नाही. तुझी आई सांगत होती, जुंपण्याआधी आपण बैलांना पेंड चारतो तसं तू कुत्र्यांना पोटभर मांस घातलंस. ती वाटेत ओकली, टपाल अडकलं आणि कुत्र्यांच्या मालकिणीनं तुला गाडीवरून उतरवलं. मग आता तिथं काय राहिलंय?

कळंबचं स्थळ आलंय. पाहुणे मार्चात येतील, त्याआधी घरी ये. हा माझा शेवटचा शब्द.

कानटोपी घालत जा. आईचेही आशीर्वाद.
आबा

उत्तर कॅनडा
९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
निकिताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. चूक झाली, ती पुन्हा केली नाही. मालकीणबाईंच्या रोज इतकी मागं लागले की त्या वैतागून म्हणाल्या, जा बाई, घेऊन जा गाडी. रस्ता संपतो तिथून टपालाची थैली घेतली आणि गोठलेल्या तळ्यावरून निघाले. वारा असा सुटला की पुढची कुत्री दिसेनात. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण सगळ्यांत पुढच्या छकुलीनं वाट सोडली नाही. हे नाव मीच ठेवलंय, हसू नका.

वस्तीवर थैली उघडली तर आत तुमचं अक्षर. परत ये हा तुमचा हुकूम मीच माझ्या गाडीवर घालून आणला होता. शेकोटीजवळ बसून दोनदा वाचला. आबा, मी येणार नाही. हे काम मला आवडतं. पाहुण्यांना तसं कळवा.

राग खुशाल धरा, माया तेवढी आटू देऊ नका.
तुमची निकिता

निरवांगी
१४ मार्च २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

मी कुणाला काही कळवलं नव्हतं, त्यामुळे पाहुणे आले. मुलाचा मामा हसून म्हणाला, पोरगी कुत्री हाकती व्हय. मी म्हणालो, हाकती, आन् तुमच्या भाच्याला त्या बर्फात उभं ऱ्हाऊन दावायला सांगा. तुझ्या आईला चुलीवरचा चहा खाली उतरवायला लावला. पाहुणे उठून गेले. भावकीत आता बोलणी होतील. होऊ देत, मी आहे.

परत ये म्हणणार नाही. राग मात्र आहे, मी फोनवर येणार नाही. दर आठवड्याला पत्र टाकीन, चांगलं जाडजूड. तूच आण तुझ्या गाडीवर वाहून.

आबा