गाळलेलं प्रकरण

प्रिय बाबा,

'तीर्थरूप' कुठे गेलं म्हणून चष्मा पुसून पुन्हा बघू नका, बरोबरच वाचलंत. आज पाया पडून नाही, शेजारी बसून बोलावंसं वाटतंय. फोनवर आपलं काय होतं ते दोघांनाही ठाऊक आहे. तुम्ही 'जेवलीस का' विचारता, मी 'हो' म्हणते, मग तुमचा गुडघा, मग ताईच्या पोरांचा अभ्यास, आणि मी मुद्द्यावर येते तोच तुम्ही फोन ताईच्या हातात देऊन मोकळे होता. पत्र तसं देता येत नाही. आणि हे ताईकडून वाचून घेऊ नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तब्येत चांगली आहे. खोलीच्या खिडकीची मोडकी कडी शेवटी मीच बसवली. वाकडी बसलीय, पण बसलीय.

तुम्ही शेजाऱ्यांना 'ती सर्वे करते' असं सांगता आणि मग ते मला घरपट्टी कधी कमी होणार ते विचारतात. आमच्या संस्थेचं काम खरं तर सोपं आहे. एखादी चांगली योजना आली की ती कोणाच्या दारात थांबते आणि कोणाच्या दारावरून तशीच पुढे जाते, एवढं आम्ही बघतो. गेली दोन वर्षं मी आणि आमचा आकडेवाला विजेच्या बसवर काम करत होतो. आकडेवाला म्हणजे माझा सहकारी. जुगारातला नव्हे, संख्याशास्त्रातला. तर या बस आल्या आणि शहरातला धूर खरंच कमी झाला. मी त्या बसच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली सगळे तसंच समजतात. पण नव्या बस महाग, म्हणून थोड्या आल्या. थोड्या आल्या म्हणून तोट्यातले मार्ग बंद झाले. आणि तोट्यातले मार्ग कुठले, तर गावाबाहेरच्या चाळींकडे जाणारे. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यांचीच बस गेली.

मी त्या चाळींमधल्या बायकांबरोबर पहाटे चालत जायचे. कोणी वसतिगृहात स्वयंपाक करणारी, कोणी कार्यालयं झाडणारी, सगळ्यांना उजाडायच्या आत कामावर हजर व्हायचं. महामार्गाच्या कडेने, पदपथ नाही, दिवे नाहीत. पुढे असायची रुग्णालयात फरशी पुसणारी एक मावशी. जिभेला हाड नाही असली बाई! पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "लिहून घ्या बाई, हवा इतकी स्वच्छ झालीये की समोरून येणारा ट्रक आता लांबून दिसतो." सगळ्या हसल्या, मीही हसले. पुढच्याच महिन्यात एका ट्रकचा आरसा तिच्या खांद्यावर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "तो मागून आला हो." ज्या रुग्णालयाची फरशी ती पुसायची, तिथेच पडून होती. हात वर जाईना, म्हणून कंत्राटदाराने तिला कामावरून काढलं, तेही ती खाटेवर असतानाच.

हे सगळं आम्ही अहवालाच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं. भडक काही नाही. कोण किती चालतं, कोणाची नोकरी गेली, कोणत्या मुलींची शाळा सुटली.

आमच्या संचालकांना तुम्ही एकदा भेटला आहात. माणूस वाईट नाही. ही संस्था त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू केली, तेव्हा स्वतः झाडू मारायचे. त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला, आणि मी लगेच ओळखलं, कारण एरवी ते चहा विचारतसुद्धा नाहीत. म्हणाले, परिवहन मंडळ पुढचा मोठा अभ्यास आपल्याला देतंय, पाण्यात राहून माशाशी वैर नको. आधी शब्द बदलायला सांगितले. 'बस बंद केली' असं नको, 'मार्गांचं सुसूत्रीकरण झालं' म्हणा. 'वगळलेले लोक' नको, 'अद्याप लाभ न पोहोचलेले' म्हणा. मी विचारलं, मावशीच्या खांद्याला काय म्हणू? ते म्हणाले, चहा घ्या, निवतोय. चार दिवसांनी अहवाल छापून आला, त्यात तिसऱ्या प्रकरणानंतर थेट निष्कर्ष. मुखपृष्ठावर 'शाश्वत विकासाची वाटचाल'. चालणाऱ्या बायका तेवढ्या आत नव्हत्या.

प्रकाशनाला मोठं सभागृह, पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष. सादरीकरण माझ्याकडे होतं. बाबा, मी काही ठरवून गेले नव्हते, यावर तुम्ही तरी विश्वास ठेवा. तिसरं प्रकरण संपलं, पडद्यावर 'निष्कर्ष' आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मधलं एक प्रकरण छापायचं राहिलंय, ते मी तोंडी सांगते." पाठच होतं मला. मावशीचं सांगायला लागले तेव्हा ध्वनिक्षेपक बंद पडला. पडला म्हणजे पाडला. मग मी आवाज चढवला. लहानपणी या आवाजाबद्दल मी किती बोलणी खाल्लीत! त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला तो. अध्यक्ष उठून गेले, त्यांच्यामागे आठ-दहा जण. बाकीचे बसून राहिले. आकडेवाला मान खाली घालून बसला होता. त्याची दोन्ही पोरं शाळेत आहेत, माझा त्याच्यावर राग नाही. पण मागून कोणीतरी विचारलं, हे आकडे खरे कशावरून? तेव्हा तोच उभा राहिला आणि म्हणाला, "मी मोजलेत." एवढंच म्हणून खाली बसला.

संध्याकाळी मला पत्र मिळालं: लेखी माफी द्या, तोवर कामावर येऊ नका. मी दिली नाही. तुम्हाला फक्त 'सुट्टीवर आहे' एवढंच सांगितलं. पण ताईपासून काही लपत नाही आणि ताईच्या पोटात काही राहत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात संचालकांनी मला बोलावलं. चेहरा खुललेला. म्हणाले, "तुमच्या वडिलांचा फोन आला होता. फार मोठ्या मनाचा माणूस. तुमच्या वतीने त्यांनी माफी मागितली, मुलगी अजाण आहे म्हणाले. माझ्यापुरता विषय संपला, उद्यापासून या." एकोणचाळीस वर्षांची अजाण मुलगी त्यांच्यासमोर उभी होती, बाबा. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, बोलताना तुम्ही पूर्ण वेळ उभे होतात, गुडघा दुखत असताना. फोनवर! मला एकदम तुमचं कार्यालय आठवलं. मी दुसरीत असेन, तुमचा विसरलेला डबा घेऊन आईबरोबर आले होते. दाराच्या फटीतून दिसलं, साहेब ओरडत होते आणि तुम्ही हात बांधून म्हणत होतात, "चुकलं साहेब." चूक त्यांची होती, हे घरी आईला तुम्ही हळूच सांगितलंत तेही मी ऐकलं. मला हे माहीत आहे, हे तुम्हाला आज कळतंय. त्या 'चुकलं साहेब'वर आम्ही दोघी वाढलो, शिकलो. त्याची मला लाज वाटत नाही आणि तुम्हीही कधी वाटून घेऊ नका. पण ते तुमच्यापाशीच संपू दे. मी संचालकांना सांगितलं, ती माफी माझी नाही आणि वडिलांनाही मी ती मागू देणार नाही, म्हणून परत घेते. ते म्हणाले, मग नोकरीही परत करावी लागेल. मी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरले. चाळींकडची बस अजून सुरू झालेली नाही. पण सोमवारी मंडळाची जाहीर सुनावणी आहे, मावशी आणि त्या सगळ्याजणी येणार आहेत आणि चौथं प्रकरण मी माझ्या नावाने वाचणार आहे. पुढे काय करीन ते माहीत नाही, काहीतरी करीन. तुम्हाला राग आला असेल तर माझ्यावर काढा, पण माझ्यासाठी पुन्हा कोणापुढे वाकू नका. आणि संचालकांचा फोन आलाच, तर खुर्ची ओढून घ्या, पाय लांब करा आणि बसून बोला.

तुमचीच,
धाकटी