सेडान आधी येणार होती

१४ मार्च, शुक्रवार, सकाळचे सव्वाअकरा. एका स्कूटरची सीट हातानं शिवत होतो, ती बाजूला ठेवून लिहायला बसलो.

मामा, नमस्कार. मामींनाही नमस्कार, कारण डोळ्यांवरची पट्टी निघेपर्यंत हे पत्र त्याच वाचून दाखवणार. मामी, जरा सावकाश वाचा.

बुधवारी संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "दुकान कसं चाललंय?" मी म्हणालो, "छान." ते खरं नव्हतं.

त्या नव्या वेगवान गाड्यांबद्दल मी तुमच्या कानाशी भुणभुण करायचो, आठवतं ना? चार दारांची सेडान मार्चमध्ये येणार, दोन दारांची कूपे पुढच्या वर्षी. व्हिडिओ पाहिले होते. चाचणीला निघालेल्या झाकलेल्या गाडीचे फोटो मोठे करून दारं मोजली होती. शोरूमचे मॅनेजर म्हणाले होते, "पहिल्या दिवशी ज्याची सीट कव्हरं तयार, त्याला काम." तुमचं एकच, "गाडी दारात उभी राहू दे, मग कात्री उचल."

तुम्ही ऑपरेशनला गेलात आणि दुसऱ्याच दिवशी मी कात्री उचलली. बारा सेडानची कव्हरं, अस्सल चामड्याची. मापं कुणीतरी नेटवर टाकली होती.

सोमवारी गाडी आली. कूपे. मागची सीट एवढीशी, माझं कव्हर तिच्यावर थोरल्या भावाच्या शर्टासारखं लोंबायला लागलं. सेडान कधी, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "दोन वर्षं तरी नाही. आणि सीटही बदलणार म्हणे. तू शिंपी आहेस की ज्योतिषी?" सगळे हसले. मीही हसलो.

मामी, इथून पुढचं आधी मनात वाचा. आज सांगायचं की पट्टी निघाल्यावर, ते तुम्हीच ठरवा.

बुधवारी दुपारी चामडेवाला उधारीचे पैसे मागत दुकानात येऊन बसला, हलेना. "मामा आले की बघू" म्हटलं असतं तर तो थांबला असता, तुम्हाला तो मानतो. पण मग तुम्हाला कळलं असतं. ते कळू नये म्हणून मी तुमचं शिलाई मशीन विकलं. आणि आता मीच कळवतोय.

दोन माणसांनी उचलून नेलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग आहेत, तिथे झाडू मारवत नाही. घेणाऱ्याला म्हटलं, परत द्याल का? म्हणाला, "वर दहा हजार दे. महिनाअखेरपर्यंत ठेवतो."

कव्हरं उसवून चामडं सुटं करतोय. त्यातून स्कूटरच्या सीटा होतील.

रागावलात तरी मला चालेल. पण माझ्याशी न बोलता परस्पर मशीन शोधायला निघू नका.

तुमचाच भाचा

चामडं शहाण्णव हजार, फोम आणि दोरा सहा हजार चारशे. गल्ल्यातले वीस हजार दिले, मशीनचे पंचावन्न हजार दिले. देणं राहिलं सत्तावीस हजार चारशे. मशीन सोडवायला पासष्ट हजार. माझ्याजवळ आज अकराशे दहा.