सूर्य काढलेलं पाकीट

३ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी पिण्याची ओढ कमी करेल, ही दुसरी धास्ती घालवेल. दोन्ही सकाळी, न चुकता." मला शिकवतात! बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. न चुकता घ्या, हे मी अख्ख्या गावाला सांगतो. माझ्या दुकानातून मात्र नेणार नाही. काउंटरवरच्या बाईंनी ती नावं वाचली तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल.

४ मार्च
नदीपलीकडच्या दुकानातून आणल्या. तिथला म्हातारा कागदी पाकिटावर हिरव्या पेनाने सूर्य काढतो. सकाळची गोळी म्हणून सूर्य! बालवाडी आहे का ही?

५ मार्च
नाही घेतली. घेणारही नाही.

९ मार्च
दुकान बंद केल्यावर दोन पेग. दोनच. दिवसभर डॉक्टरांची किरटी अक्षरं लावायची, एक चुकलं तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ, आणि वर मी दोन पेगही घ्यायचे नाहीत? हिने फक्त ताट वाढलं. पूर्वी घर डोक्यावर घ्यायची. हल्ली शांत असते. आली म्हणायची ताळ्यावर.

१२ मार्च
निवृत्त मास्तरांना रक्तदाबाची दुप्पट ताकदीची गोळी दिली मी. त्यांनीच परत आणली. "रंग वेगळा दिसला हो, म्हटलं विचारावं." बदलून देताना गोळ्यांची पट्टी माझ्या हातून खाली पडली. मास्तरांनीच उचलून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तरी नाही घेणार. झोप झाली नव्हती, एवढंच.

१३ मार्च
सकाळी शर्टाचं बटण तुटलं. ही बाहेर गेली होती. तिच्या शिवणाच्या डब्यात सुई शोधत होतो, तर तळाशी पाकीट. हिरवा सूर्य. माझंच पाकीट लपवून ठेवलं म्हणून भडकलो. उघडलं तर फक्त धास्तीच्या गोळ्या. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हिच्या नावाच्या. पहिली दोन वर्षांपूर्वीची, शेवटची गेल्या महिन्यातली.
औषधवाल्याची बायको दोन वर्षं नदी ओलांडून गोळ्या आणते. मला कळू नये म्हणून. आणि मी म्हणतो ताळ्यावर आली.

१४ मार्च
सकाळी टेबलावर दोन पेले पाणी ठेवलं. शेजारी दोन्ही पाकिटं. हिने दोन्ही पाकिटं उचलून पाहिली. मग खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तुमचा सूर्य मोठा काढलाय."
मी गोळ्या घेतल्या.