गोंदारला कधीच न गेलेल्या ताईस

प्रिय ताई,

'प्रिय' वाचून हसू नकोस. तू होतीस तेव्हा मी तुला कधी प्रिय म्हटलं नाही, पण पत्राला सुरुवात काहीतरी करावी लागते.

लिहायचं कारण तुझी लेक. तुला जाऊन वर्ष होतंय, म्हणून ईशाने तुझ्या चित्रांच्या प्रदर्शनाचा घाट घातलाय. सोबत एक छोटं पुस्तक छापणार आहे आणि त्यात मी दोन परिच्छेद लिहायचे आहेत. काल ऑफिसातून निघते न निघते तोच तिचा फोन. "मावशी, टू पॅराज ओन्ली ला! तुला फीव्हर आला, त्या लोकांनी तुझ्या हाइटचा स्क्रोल केला, ते लिही. मम्मा टोल्ड मी, दॅट्स युअर स्टोरी. तुझं नाव पाहिजेच." रविवारी कागद न्यायला येणार आहे.

आणि प्रदर्शनाचं नाव काय ठेवलंय, माहितीये? 'मंदाज स्क्रोल'! तूच सांगून ठेवलं होतंस म्हणे, आजारपणात. वा गं वा! जाता जाता मला मोठेपणा देऊन गेलीस. कुणी मागितला होता तुझ्याकडे?

खरं सांगू? तुझा हा चांगुलपणाच मला कधी सहन झाला नाही. अप्पांना गोंदारच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी पाच वर्षांची होते, तू आठ. इथिओपियात मराठी शाळा कुठून असणार, शुभाचं शिक्षण बुडेल, असं मोठ्यांनी ठरवलं आणि तुला सांगलीला काकूकडे ठेवलं. मी अजून शाळेतच जात नव्हते, म्हणून मी विमानात. चार वर्षं! निघताना तू डोळ्यांतून टिपूससुद्धा काढलं नाहीस, असं आई कौतुकाने सगळ्यांना सांगायची. कसलं कौतुक? तेव्हाच भोकाड पसरायला हवं होतंस. हातपाय आपटायला हवे होतेस, आईचा पदर सोडायलाच नको होतास. शहाण्यासारखी उभी राहिलीस आणि राहिलीस मागे.

पुढे काय योग बघ, दोघी सिंगापूरलाच आलो. भावोजी हार्बरफ्रंटला जहाजांच्या ऑफिसात, मी बँकेत ऑडिटला. माझं कामच दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. ते मी ऑफिसात करते आणि घरी त्याहून चांगलं करते, असं माझा नवरा म्हणतो. आणि तू? चाळिशी जवळ आल्यावर तुला एकदम चित्रं काढायची हुक्की आली.

आठवतं, खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून तू काळी कोपी, ती इथली कडक कॉफी, आणायचीस? प्लास्टिकच्या पिशव्या भरभरून, दहा दहा. तो कोपीवाला अंकल विचारायचा, "सो मेनी? ऑफिस पार्टी आह?" ती सगळी कोपी तू ईशाच्या लहानपणीच्या टबात ओतायचीस आणि त्यात कॅनव्हास बुडवून ठेवायचीस, बकरीच्या कातड्याचा रंग यावा म्हणून. घरभर करपट वास. बिचारे भावोजी आठवडा आठवडा दुसऱ्या बाथरूममध्ये आंघोळ करायचे. मी यायचे तेव्हा नाक धरून म्हणायचे, "ताई, चित्र काढतेस की पडदे खराब करतेस?" तू नुसती हसायचीस.

आणि चित्रं तरी कसली! उंच, अरुंद पट्ट्या. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. जाळीत अडकलेले मोठे काळेभोर डोळे, आठ टोकांच्या चांदण्या, गाठी मारल्यासारखे क्रूस. इथिओपियन अक्षरं मोडून त्यांचे नुसते हातपाय काढलेले, कुणालाच वाचता येऊ नयेत असे. तांबडा, हळदी पिवळा, मध्येच कच्चा हिरवा. पुढे प्रदर्शनात माझ्या बँकेतला एक साहेब एका चित्रासमोर वीस मिनिटं उभा होता. मला राग आला. माझ्यासमोर तो दोन मिनिटं उभा राहत नाही.

गोंदारकडे हे असं खरंच करतात, ते मी कबूल करते. कुणी आजारी पडलं की चर्चमधला जाणता माणूस, त्याला देब्तेरा म्हणतात, कातड्याची एक लांब पट्टी तयार करतो. बरोबर त्या आजाऱ्याच्या उंचीची, डोक्यापासून टाचेपर्यंत, म्हणजे अंगाचा कुठलाच भाग उघडा पडत नाही. तिच्यावर प्रार्थना, आजाऱ्याचं नाव आणि ते टक्क उघडे डोळे. त्या डोळ्यांना घाबरून आजार पळतो म्हणे.

सार्सचं साल सरलं, लोकांनी मास्क काढले आणि तुझं पहिलं प्रदर्शन लागलं. पन्नासेक माणसं असतील. बुकित तिमाहच्या आमच्या कॉंडोतली निम्मी मराठी मंडळी मीच बोलावली होती, हे विसरू नकोस. तू मरून रंगाची साडी नेसली होतीस. कुणीतरी विचारलं, या सगळ्या पट्ट्या एकाच उंचीच्या का? तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस, "लहानपणी गोंदारला मला ताप आला होता. तेव्हा माझ्या उंचीची अशी पट्टी केली होती."

'मला' का म्हणालीस गं? 'माझ्या बहिणीला' म्हणाली असतीस तर मी मान डोलावून समोसा खाल्ला असता! पण तू 'मला' म्हणालीस, आणि लोक तुझ्याकडे असे बघायला लागले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच म्हणाले, "ताई, ती मी होते. तू तर इथिओपियात कधी पाऊलसुद्धा टाकलं नाहीस. तू सांगलीला होतीस." आणि हे मी इंग्रजीत म्हणाले. मुद्दाम. एकही माणूस सुटू नये म्हणून.

तू पांढरी पडलीस. ईशा तुझ्या शेजारीच उभी होती, सोळा वर्षांची. तू म्हणालीस, "हो. ती हीच होती." माइक नीट खाली ठेवलास आणि चपला शोधायला लागलीस, जशी काही तू कुणाच्या घरी आली होतीस. पायात चपला होत्याच.

त्यानंतर तू ब्रश धरला नाहीस. चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवलीस. मला फोन करून भावोजी म्हणाले, "मंदा, एकदा येऊन जा, तिच्याशी बोल." मी म्हटलं, क्वार्टर एंड आहे. कसला क्वार्टर एंड! मी त्या शनिवारी नवऱ्याबरोबर सिनेमाला गेले होते.

मग तुझं पोट दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात शेवटी शेवटी तू माझा हात धरलास. तुझी बोटं इतकी बारीक झाली होती की मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला. तू म्हणालीस, "मंदे, ती गोष्ट तुझी होती. मी चोरली. मला माफ कर."

आणि मी काय म्हटलं, ताई? मी म्हटलं, "असू दे गं. केलं माफ."

केलं माफ! एवढ्या मोठ्या मनाने! नर्स तिथे होती, भाषा कळत नव्हती तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली येऊन मी कॅन्टीनमध्ये टोस्ट खाल्ला.

आता ऐक. ताप मला आलाच नव्हता.

ताप आला होता आलेमला, आमच्या घरमालकिणीच्या मुलीला. पट्टी तिच्यासाठी केली. देब्तेराने तिला अंगणात झोपवून तिची उंची मोजली, आणि मी दाराच्या फटीतून बघत होते. आईकडे हट्ट केला, मलाही पाहिजे. आई म्हणाली, "तुला काय झालंय? घोड्यासारखी तर आहेस!" मी आईच्या परकराची नाडी काढली आणि भिंतीला पाठ लावून स्वतःच स्वतःला मोजलं. मोजता काही आलं नाही. नाडी हरवली म्हणून मार तेवढा खाल्ला.

तुला माहीत नाही, तुझं पत्र आलं की आमच्या घरात काय व्हायचं ते. आई ते उशीखाली ठेवायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. मी समोर नाचले तरी तिला दिसायचे नाही. तू तिकडे सांगलीत बसून माझी आई घेऊन जायचीस, दर पंधरा दिवसांनी. मग मीही लिहिलं. निळ्या हवाई पत्राची शेवटची घडी माझी असायची, आणि मुलांचं लिहिलेलं वाचू नये असं अप्पांचं तत्त्व, ते नुसता डिंक लावायचे. मी लिहिलं, 'मला खूप ताप आला. मी मरणार होते. मग माझ्यासाठी डोळेवाली पट्टी केली. तुझ्याकडे नाही.'

तुझं उत्तर माझ्या नावाने आलं. माझ्या नावाचं पहिलं पाकीट, म्हणून आईने न फोडता माझ्या हातात दिलं. तू लिहिलं होतंस, रोज मारुतीला जाते, ताप उतरला का? आणि खाली, 'त्या बाबांना माझ्यासाठी पण एक करायला सांग ना. मला इथे रात्री भीती वाटते. काकूने माझी उंची मोजली, चार फूट दोन इंच. दोरा पाठवते आहे.' आत दोरा होता, पांढरा, नीट गुंडाळलेला.

तो दोरा मी मांजराच्या पिल्लाच्या गळ्यात बांधला. संध्याकाळपर्यंत ते तुला अंगणभर ओढत होतं. आणि तुला मी कळवलं, 'बाबा म्हणाले, घरच्यांनी मागे ठेवलेल्या मुलींसाठी अशी पट्टी करत नाहीत.'

सात वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही. माझं मलाच सुचलं.

आम्ही परत आलो तेव्हा मी घाबरले होते, की तू आता आईला तापाचं विचारणार आणि मी तोंडघशी पडणार. तू काहीच विचारलं नाहीस. तू आईशी बोलतच कुठे होतीस! पाहुण्या बाईला करावा तसा वाकून नमस्कार केलास आणि काकूच्या मागे जाऊन उभी राहिलीस. आई त्या दिवशी जेवली नाही. मी पोटभर जेवले.

गेल्या शनिवारी तुझ्या घरी ईशाने सगळी चित्रं बाहेर काढली. पुस्तकात मापं द्यायची असतात. ती टेप धरत होती, मी लिहीत होते. एक झालं, दोन झाली, सहाव्या चित्राला ती थांबली. "मावशी, ऑल वन ट्वेंटी-सेव्हन सेंटीमीटर. पण तुझी हाइट तेव्हा एवढी होती? सात वर्षांची? यू सो टॉल, मेह?" मी मनात इंच केले. पन्नास. चार फूट दोन.

अगं, तू माझं काही चोरलं नव्हतंस! तू तुझी राहिलेली पट्टी करत बसली होतीस. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, एकवीस केल्यास. आणि लोकांसमोर तिला 'माझी' म्हणालीस, तर मी तुला चोर ठरवलं. ताप आलेमचा, भीती तुझी, आणि नाव मंदाचं! तुझ्या पट्ट्यांवरच्या कुठल्याच डोळ्यांनी मला घाबरवून पळवलं नाही.

ईशाला मी काय सांगितलं असेल? "असेल बाई, मी उंच होते." जिभेला हाडच नाही माझ्या, चाळिशी उलटली तरी.

तुझी माफी मी मागणार नाही. तू ऐकू शकत होतीस तेव्हा मी माफी देत बसले होते. आता मागून माझंच मन हलकं होईल, आणि ते मला नकोय. तुझ्यावरचा रागही गेलेला नाही. माझ्या खोट्यावर इतकी वर्षं विश्वास ठेवायची काही गरज होती? एकदा आईला विचारायचं होतंस! एकदा माझ्या मुस्कटात मारायची होतीस!

रविवारी ईशा येईल. तिला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून हे पत्र मी तिला वाचून दाखवीन, अडेल तिथे इंग्रजीत सांगेन, आणि मांजराचं पिल्लू वगळणार नाही. हॉस्पिटलातलंही वगळणार नाही. ते दोन परिच्छेद तीच लिहील, तुझ्याबद्दल, आणि माझं नाव तीच खोडेल. तिने मला परत तिच्या घरी यायचं नाही म्हटलं, तर मी जाणार नाही. तिच्याशिवाय माझं इथे रक्ताचं कुणी नाही, हे तुला ठाऊक आहे. पोरगी रडेल, विचारेल, का केलंस मावशी? तेव्हा एवढंच तुला वचन देते, ताई. 'मी लहान होते गं' असं मी तिला म्हणणार नाही.

मंदा

सिंगापूर